वाद मिटवताना मध्यस्थीची कोणती पद्धत निवडावी आणि बैठक कशी चालवावी

मध्यस्थी अनेकदा पहिल्या बैठकीच्या आधीच फसलेली असते. एका पक्षाला वाटत असतं की मध्यस्थ दोघांचं ऐकून घेईल आणि खरं कोणाचं ते सांगेल. दुसऱ्याची अपेक्षा असते की हा माणूस समोरच्याला चार शब्द सुनावून ताळ्यावर आणेल. मध्यस्थ मात्र ठरवून आलेला असतो की आपण मत द्यायचंच नाही. तिघंही प्रामाणिक असतात, पण प्रत्येकाच्या मनात वेगळीच बैठक चालू असते. थोड्या वेळाने कोणीतरी वैतागून विचारतं, ‘मग तुम्ही इथे कशासाठी बसला आहात?’ या प्रश्नाचं उत्तर आधीच दिलेलं नसेल, तर पुढचा सगळा वेळ ते देण्यातच जातो.

माझं ठाम मत असं आहे: मध्यस्थाचा स्वभाव कसा आहे यावरून पद्धत ठरू नये. वाद कोणत्या जातीचा आहे हे बघून ती ठरवावी आणि दोन्ही पक्षांना बसण्याआधी साध्या शब्दांत सांगावी. म्हणून आधी पद्धती समजून घेऊ आणि मग एकेक पायरी चढू. हा लेख मध्यस्थी करणाऱ्यांसाठी जितका आहे, तितकाच मध्यस्थाकडे जाणाऱ्यांसाठीही आहे.

मध्यस्थाच्या हातात काय असतं

न्यायाधीश निकाल देतो. लवाद निवाडा देतो आणि तो पक्षांवर बंधनकारक असतो. मध्यस्थाला यातलं काहीच देता येत नाही. कोण आधी बोलेल, कोणता मुद्दा कधी घ्यायचा, केव्हा थांबायचं, एवढंच तो ठरवतो. तडजोड करायची की उठून जायचं, हे पक्षांनी ठरवायचं.

यात मध्यस्थ दुबळा वाटतो, पण एक खरं उदाहरण पाहा. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला बीगल सामुद्रधुनीजवळच्या पिक्टन, नुएवा आणि लेनॉक्स या बेटांवरून चिली आणि अर्जेंटिना यांच्यात जुना वाद होता. १९७७ मध्ये लवादाने बेटं चिलीची ठरवली. अर्जेंटिनाने पुढच्याच वर्षी तो निवाडा झुगारला आणि १९७८ च्या डिसेंबरात दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले. तेव्हा पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल अँटोनिओ सामोरे यांना पाठवलं. ८ जानेवारी १९७९ रोजी उरुग्वेची राजधानी मॉन्टेव्हिडिओत ज्या कागदावर सह्या झाल्या, त्याने बेटांचा प्रश्न सोडवला नव्हता. बळाचा वापर करायचा नाही आणि पोपची मध्यस्थी मागायची, एवढंच त्यात ठरलं. प्रत्यक्ष करार व्हायला १९८४ साल उजाडलं. सामोरे त्याआधीच, १९८३ मध्ये, वारले होते. बेटं अखेर चिलीकडेच राहिली, म्हणजे निवाड्यात होतं तेच झालं. पण समुद्रातली हद्द अशी आखली गेली की अटलांटिकच्या बाजूला चिलीचा शिरकाव होईल ही अर्जेंटिनाची धास्ती दूर झाली. जे हुकमाने पचलं नव्हतं, ते स्वतः बोलून ठरवल्यावर दोघांनाही पचलं.

पद्धती कोणत्या

सर्वांत जास्त शिकवली जाते ती संवाद घडवणारी, म्हणजे फॅसिलिटेटिव्ह पद्धत. यात मध्यस्थ प्रश्न विचारतो, ऐकलेलं पुन्हा मांडतो, मुद्द्यांची यादी करतो, पण कोणाचं बरोबर आणि किती रकमेवर मिटवावं याबद्दल चकार शब्द काढत नाही. दोघांना पुढेही एकमेकांशी संबंध ठेवायचा आहे, दोघांनाही आपली बाजू मांडता येते आणि कागदपत्रं दोघांकडेही आहेत, अशा वादात ती उत्तम चालते. एका पक्षाने आपल्या दाव्याची किंमत मनात फारच फुगवून ठेवली असेल, तर मात्र तो फुगा फोडायला या पद्धतीत कोणी नसतं.

तिथे अभिप्राय देणारी, इव्हॅल्युएटिव्ह पद्धत लागते. मध्यस्थ बहुधा त्या विषयातला जाणकार असतो: निवृत्त न्यायाधीश, ज्येष्ठ वकील, बांधकामाच्या वादात अभियंता. प्रकरण कोर्टात गेलं तर काय होण्याचा संभव आहे, कोणता मुद्दा लंगडा आहे, हे तो सांगतो. विमा, कंत्राट, थकलेली रक्कम, सदोष काम, म्हणजे प्रश्न मुख्यतः पैशाचा आणि पुढे एकमेकांचं तोंड पाहायची गरज नाही, अशा वादांना ती लागू पडते. पण एकदा दिलेलं मत मागे घेता येत नाही. ज्याच्या विरोधात ते गेलं, त्याच्या लेखी मध्यस्थ त्या क्षणी समोरच्याच्या बाजूला जाऊन बसतो. म्हणून मत उशिरा द्यावं, मागितल्यावरच द्यावं आणि शक्यतो प्रत्येक पक्षाला वेगळं बसवून द्यावं.

लेनर्ड रिस्किन या अमेरिकी कायद्याच्या प्राध्यापकांनी १९९० च्या दशकात मध्यस्थांच्या कामाची मांडणी दोन अक्षांवर केली. पहिला अक्ष वर सांगितलेलाच: मध्यस्थ मत देतो की देत नाही. दुसरा अक्ष म्हणजे प्रश्न किती रुंद धरायचा. मला हा दुसरा अक्ष प्रत्यक्ष कामात जास्त मोलाचा वाटतो. समजा दोन भागीदार एका बिलावरून भांडत आहेत. प्रश्न अरुंद धरला तर ‘या बिलाचे किती पैसे कोणी द्यायचे’ एवढंच बोलणं होईल. रुंद धरला तर ‘यापुढे खर्चाला मंजुरी कोणी द्यायची’ आणि ‘आपल्याला एकत्र राहायचं आहे का’ हे प्रश्नही टेबलावर येतील. कोणती रुंदी धरायची हे मध्यस्थाने आपल्या मनाने ठरवू नये, पक्षांना विचारावं.

तिसरी पद्धत परिवर्तनाची, ट्रान्सफॉर्मेटिव्ह. रॉबर्ट बुश आणि जोसेफ फोल्जर यांनी ती १९९४ मध्ये सविस्तर मांडली. तिचं ध्येय समझोता हे नसतं. भांडणात माणूस गोंधळतो, हतबल होतो आणि समोरच्याकडे फक्त शत्रू म्हणून पाहू लागतो. त्याला पुन्हा स्वतःचे निर्णय घेता यावेत आणि समोरच्याची बाजू थोडी तरी दिसावी, यासाठी ही पद्धत आहे. विषयपत्रिकासुद्धा पक्षच ठरवतात. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९० च्या दशकात कर्मचाऱ्यांच्या भेदभावाच्या तक्रारींसाठी हीच पद्धत देशभर स्वीकारली. कामाची जागा, शेजार, कुटुंब अशा ठिकाणी तिचा उपयोग होतो. पुढच्या आठवड्यात सही हवीच असेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये.

कथनाची, म्हणजे नॅरेटिव्ह पद्धत जॉन विन्स्लेड आणि जेराल्ड मंक यांच्या कामातून पुढे आली. इथे वाद हा माणसांपासून वेगळा काढून त्याच्याबद्दल बोललं जातं. ‘तू असं का केलंस’ असं न विचारता ‘या भांडणाने तुमच्या दोघांचं काय काय हिरावून घेतलं’ असं विचारलं जातं. पूर्ण पद्धत शिकायला वेळ लागतो, पण हा एक प्रश्न कोणत्याही मध्यस्थाने आजपासून वापरावा.

पक्ष एका खोलीत बसूच शकत नसतील, तर मध्यस्थ दोघांमध्ये फेऱ्या मारतो. हेन्री किसिंजर यांनी १९७४ मध्ये आधी इजिप्त आणि इस्रायल, मग सीरिया आणि इस्रायल यांच्यात सैन्य मागे घेण्याचे करार अशाच फेऱ्या मारून घडवले. दोन खोल्यांमधल्या वादातही हे तंत्र तसंच चालतं. यात मध्यस्थाच्या हाती खूप सत्ता येते, कारण निरोपाचे शब्द तोच निवडतो. म्हणून या पद्धतीत प्रत्येक निरोप लिहून घ्यावा, ज्याचा त्याला वाचून दाखवावा आणि मगच पलीकडे न्यावा.

गुन्हा घडलेला असताना करायची मध्यस्थी वेगळीच असते. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात १९७४ मध्ये लोकांच्या मालमत्तेची नासधूस करणाऱ्या दोन तरुणांना, ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या दारी नेण्यात आलं आणि भरपाई ठरवण्यात आली. पीडित आणि अपराधी यांना भेटवणाऱ्या आजच्या अनेक कार्यक्रमांची सुरुवात तिथपासून मोजली जाते. इथे दोन अटी मोडता येत नाहीत: अपराध्याने जबाबदारी आधीच मान्य केलेली हवी आणि पीडित व्यक्ती स्वखुशीने आलेली हवी. घडलं की नाही यावरच वाद असेल, तर ती जागा मध्यस्थीची नाही.

पायरी १: हा वाद मध्यस्थीला न्यावा का, ते तपासा

सगळ्यात आधी भीती आहे का ते पाहा. एक पक्ष दुसऱ्याला घाबरत असेल, मारहाण किंवा धमक्या झाल्या असतील, तर एकत्र बसवून केलेली ‘तडजोड’ म्हणजे त्याच धाकाला मिळालेली मान्यता ठरू शकते. युरोप परिषदेच्या २०११ च्या इस्तंबूल कराराने स्त्रियांवरील हिंसाचाराच्या प्रकरणांत सक्तीच्या मध्यस्थीला मनाई केली आहे, ती याच जातीच्या धोक्यासाठी. हे ओळखायचं कसं? प्रत्येकाशी आधी एकट्याने बोला आणि विचारा: ‘समोरची व्यक्ती खोलीत असताना तुम्हाला नाही म्हणता येईल का? म्हटलंत, तर त्यानंतर काय होईल?’ उत्तर देताना आवाज बदलला, नजर दाराकडे गेली किंवा उत्तरच आलं नाही, तर थांबा.

बाकीचे तीन प्रश्न लवकर आटोपतात. कोर्टाकडून तातडीचा मनाई हुकूम घ्यायची गरज आहे का? असेल तर आधी तो घ्या, मध्यस्थी नंतरही करता येते. दावा दाखल करायची कायदेशीर मुदत संपत आली आहे का? बोलणी चालू आहेत म्हणून मुदत आपोआप थांबेल असं गृहीत धरू नका, वकिलाला विचारा. आणि जो येणार आहे, त्याला ‘हो’ म्हणायचा अधिकार आहे का? दिवसभर बोलून शेवटी ‘मला वर विचारावं लागेल’ हे वाक्य ऐकण्याइतकं खच्ची करणारं दुसरं काही नसतं.

पायरी २: वादाची नस ओळखून पद्धत निवडा

स्वतःला विचारा, हे नेमकं अडलंय कशात? माहिती अपुरी आहे म्हणून अडलं असेल, तर मध्यस्थीआधी हिशेब किंवा पाहणी करून घ्या. कोर्टात काय होईल याचे दोघांचे अंदाज टोकाचे वेगळे असतील, तर अभिप्राय देणारा जाणकार हवा. अपमान किंवा तुटलेला विश्वास ही नस असेल, तर जाणकाराचं मत जखमेवर मीठ ठरेल. तिथे संवादाची किंवा परिवर्तनाची पद्धत लावा. समोरासमोर आल्यावर शब्दाने शब्द वाढत असेल, तर फेऱ्यांनी सुरुवात करा.

खऱ्या वादांत हे सगळं मिसळलेलं असतं. त्या दोन भागीदारांचंच घ्या. पहिल्या बैठकीत मध्यस्थ मत न देता दोघांना बोलू देतो. त्यातून कळतं की आकड्यांवरच एकमत नाही, म्हणून दोघांना मान्य असलेल्या लेखापालाकडून हिशेब करून घेतला जातो. शेवटी भागीदारीतल्या हिश्शाच्या किमतीवर गाडी अडते, तेव्हा दोघेही मध्यस्थाला मत मागतात. हे सगळं चालेल, फक्त दर वळणावर मध्यस्थाने थांबून सांगितलं पाहिजे: ‘आतापर्यंत मी मत देत नव्हतो. यापुढे द्यावं असं तुम्हा दोघांना वाटतं का? एकाचीही ना असेल, तर मी देणार नाही.’ न सांगता भूमिका बदलणं हा मध्यस्थीतला सगळ्यात महाग पडणारा प्रमाद आहे.

एक मिश्र प्रकार खास जपून वापरावा: आधी मध्यस्थी, आणि नाहीच मिटलं तर त्याच माणसाने लवाद म्हणून निवाडा द्यायचा. वेळ वाचतो हे खरं. पण पुढे हाच निवाडा देणार आहे हे माहीत असताना त्याच्यापाशी कोण मन मोकळं करेल? यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे लवाद वेगळा नेमायचा. दुसरा म्हणजे क्रमच उलटा करायचा: आधी लवादाने निवाडा लिहून बंद पाकिटात ठेवायचा, मग मध्यस्थी करायची आणि ती फसली तरच पाकीट उघडायचं.

पायरी ३: बसण्याआधी लिहून घ्या

एक-दोन पानांचं मध्यस्थीचं करारपत्र पुरतं. त्यात मध्यस्थ काय करेल आणि काय करणार नाही हे लिहा. ‘मध्यस्थ कोणाच्याही बाजूने निर्णय देणार नाही’ किंवा ‘दोन्ही पक्षांनी लेखी मागितल्यासच मत देईल’ अशी सरळ वाक्यं हवीत. फी किती आणि कोणी भरायची, कोण हजर राहणार, वकील बरोबर असतील का, कोणालाही केव्हाही उठून जाता येईल का, हेही त्यात यावं.

गोपनीयतेचं कलम मात्र निवांतपणे समजावून सांगा. इथे बोललेलं पुढे कोर्टात वापरायचं नाही, मध्यस्थाला साक्षीला बोलावायचं नाही, हा त्याचा गाभा. गोपनीयतेला मर्यादाही असतात: कोणाच्या जिवाला धोका, मुलांवरचा अत्याचार अशा बाबतीत बहुतेक ठिकाणी गप्प राहता येत नाही. ही मर्यादा आधी सांगितली नाही आणि नंतर तोंड उघडावं लागलं, तर विश्वासघात झाल्यासारखं वाटतं. आणि मध्यस्थाची कोणाशी जुनी ओळख, व्यवहार, नातं असेल, तर ते पहिल्याच दिवशी उघड करा, कितीही किरकोळ वाटलं तरी.

पायरी ४: पहिली एकत्र बैठक

मध्यस्थाचं प्रास्ताविक पाच-सात मिनिटांत संपावं. मग प्रत्येकाला न अडवता बोलू द्यावं. दुसऱ्यासमोर कोरा कागद ठेवा: मध्येच काही सुचलं तर लिहून ठेवायचं, बोलायचं नाही. हा नियम लहानसा आहे, पण तो मोडू देऊ नका. पहिल्याच व्यत्ययाला तुम्ही काय करता, त्यावरून दोघेही तुमची किंमत ठरवतात.

बोलणं संपल्यावर मध्यस्थाने ते आपल्या शब्दांत परत मांडायचं. इथे आरोप गाळायचा आणि आशय ठेवायचा. ‘हा एक नंबरचा लबाड आहे, दोन वर्षं मला हिशेब दाखवला नाही’ हे परत मांडताना ‘दोन वर्षं हिशेब न दिसल्यामुळे तुमचा विश्वास उडाला आहे, असं मी समजू का?’ असं होतं. आणि लगेच विचारायचं, ‘माझं काही सुटलं का?’ माणूस ‘नाही, हेच म्हणायचं होतं’ म्हणाला, की त्याचा आवाज खाली येतो. शेवटी मुद्द्यांची यादी फळ्यावर किंवा कागदावर लिहा, कोणालाच न टोचणाऱ्या शब्दांत: ‘त्याने दडवलेले पैसे’ नाही, ‘दोन वर्षांचा हिशेब’.

पायरी ५: मागणीच्या मागची गरज शोधा

या पायरीवर घाई करू नका. वाद इथेच सुटतात.

मागण्या एकमेकींशी भिडतात, गरजा नेहमीच भिडतात असं नाही. भावाबहिणींचं एक घर आहे. एक म्हणतो विकायचंच, दुसरी म्हणते अजिबात विकायचं नाही. या दोन वाक्यांमध्ये मधला मार्ग नाही, कारण अर्धं घर विकता येत नाही. पण भावाला विचारलं, ‘घर विकून तुमची कोणती अडचण सुटेल?’ आणि तो म्हणाला की डोक्यावरचं कर्ज वर्षभरात फेडायचं आहे. बहिणीला विचारलं, ‘घर गेलं तर काय जाईल?’ आणि ती म्हणाली की आई तिथे राहते. आता चर्चा घराची राहिली नाही. एका रकमेची आणि एका माणसाच्या निवाऱ्याची झाली. घर तारण ठेवून कर्ज, बहिणीने भावाचा हिस्सा हप्त्यांनी घेणं, आईच्या हयातीपर्यंत न विकण्याची अट घालून आजच व्यवहार, असे तीन-चार रस्ते लगेच दिसू लागतात.

अमेरिकेतल्या कॅम्प डेव्हिडला सप्टेंबर १९७८ मध्ये इजिप्त आणि इस्रायल यांच्यात बोलणी झाली, तेव्हा इस्रायलच्या ताब्यात असलेल्या सिनाईच्या वाळवंटाबद्दल हेच झालं. नकाशावर रेघ कुठेही ओढली तरी इजिप्त किंवा इस्रायल यांपैकी एकाला ती नको होती. पण इस्रायलला हवी होती सुरक्षितता आणि इजिप्तला हवं होतं सार्वभौमत्व. सगळा सिनाई इजिप्तला परत द्यायचा आणि मोठ्या भागात सैन्यावर निर्बंध घालायचे, या मार्गाने दोन्ही गरजा भागल्या.

‘का’ हा शब्द मात्र जपून वापरा. ‘तुम्हाला हे का हवंय?’ ऐकताच माणूस सफाई द्यायला लागतो. त्याऐवजी विचारा: ‘हे मिळालं तर तुमच्या रोजच्या आयुष्यात काय बदलेल?’, ‘नाही मिळालं तर सगळ्यात आधी काय अडेल?’, ‘यातलं सर्वांत जास्त काय खुपतंय?’ आणि विचारल्यावर गप्प बसा. शांतता अवघड वाटते म्हणून मध्यस्थच बोलू लागला, तर येऊ घातलेलं उत्तर परत आत जातं.

पायरी ६: स्वतंत्र बैठका

सगळेच मध्यस्थ त्या घेत नाहीत. काहींचा आग्रह असतो की सारं दोघांसमोरच व्हावं. मला तो आग्रह नात्यांच्या वादात पटतो, पैशाच्या वादात पटत नाही.

स्वतंत्र बैठक घ्यायची तर दोघांनाही साधारण सारखा वेळ द्या. एकाशी दीड तास आणि दुसऱ्याशी दहा मिनिटं बोललात, तर बाहेर बसलेला माणूस त्या दीड तासात स्वतःच्या विरोधातलं कारस्थान रचून ठेवतो. वेळ लांबणारच असेल, तर मध्येच बाहेर येऊन तसं सांगा आणि त्याला विचार करायला एखादा प्रश्न देऊन जा. आत बोललेलं आतच राहील, हे सुरुवातीला सांगा आणि उठताना विचारा, ‘यातलं काय पलीकडे सांगू?’

या खोलीतलं मुख्य काम म्हणजे समझोता झाला नाही तर काय, याचा थंड डोक्याने हिशेब. कोर्टात किती वर्षं जातील, वकिलाची फी किती होईल, जिंकलात तरी वसुली होईल का, हरलात तर काय, या काळात धंद्याचं किंवा झोपेचं काय होईल. हे मध्यस्थाने सांगू नये, पक्षाच्या तोंडून काढावं आणि त्याच्याच हाताने कागदावर लिहवावं. आपण लिहिलेल्या आकड्याशी माणूस फारसा भांडत नाही. याला धमकीचं स्वरूप मात्र येऊ देऊ नका. ‘कोर्टात गेलात तर बरबाद व्हाल’ म्हणणारा मध्यस्थ समझोता घडवत नसतो, तो गळी उतरवत असतो. अशा सह्या टिकत नाहीत.

पायरी ७: पर्याय आणि कोंडी

पर्याय सुचवण्याची आणि ते तपासण्याची वेळ वेगळी ठेवा. आधी जे सुचेल ते यादीत, बरं-वाईट नंतर. मग निकष ठरवा: बाजारभाव, जाणकाराची पाहणी, याआधीचा रिवाज. निकष ठरला की ‘तू झुकलास’ असं कोणाला वाटत नाही.

गाडी अडली की काय करावं? कॅम्प डेव्हिडला पहिल्या काही दिवसांनंतर इस्रायलचे पंतप्रधान बेगिन आणि इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांना समोरासमोर बसवणं अशक्य झालं. तेव्हा अमेरिकी चमूने एकच मसुदा तयार केला, दोघांना वेगवेगळा दाखवला, ‘हा मान्य करा’ न म्हणता ‘यात काय खटकतं’ असं विचारलं, दुरुस्त केला आणि पुन्हा दाखवला. असे सुमारे २३ मसुदे झाले आणि १३ दिवसांनी सह्या. हे तंत्र सोसायटीच्या भांडणातही तितकंच चालतं, कारण चूक काढणं हे होकार देण्यापेक्षा सोपं असतं.

भविष्याबद्दल दुमत असेल, तर पैज लावल्यासारखा सशर्त करार करा: विक्री अमुक पातळीच्या वर गेली तर इतका हिस्सा, नाहीतर तितका. शेवटच्या आकड्यावर अडलं, तर मध्यस्थाने एक आकडा लिहून दोघांना बंद पाकिटात द्यावा. प्रत्येकाने फक्त हो किंवा नाही लिहायचं. दोन्ही ‘हो’ असतील तरच मध्यस्थ ते जाहीर करेल. एकाने ‘नाही’ म्हटलं, तर दुसऱ्याचा ‘हो’ त्याला कधीच कळणार नाही. त्यामुळे पुढच्या घासाघिशीत कोणाचं नुकसान होत नाही. हे पाकीट मात्र अगदी शेवटी आणि एकदाच वापरायचं.

कालमर्यादाही कामाला येते. उत्तर आयर्लंडमधला संघर्ष मिटवण्याच्या बोलण्यांत मध्यस्थ असलेले अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांनी ९ एप्रिल १९९८ ही शेवटची तारीख ठरवली आणि करार १० तारखेला झाला. पण त्याआधी दोन वर्षांची बोलणी झालेली होती, हे विसरू नये. तयारीशिवाय घातलेली मुदत फक्त दडपण आणते.

पायरी ८: लिहा, आणि त्याच दिवशी लिहा

‘तोंडी ठरलंय, उद्या लिहू’ यात समझोते वाहून जातात. निदान मुद्दे त्याच दिवशी लिहून सह्या घ्या, पक्का मसुदा मागाहून करा. प्रत्येक कलमात कोण, काय, किती आणि कोणत्या तारखेपर्यंत हे हवं. ‘लवकरात लवकर’, ‘योग्य ती रक्कम’, ‘सहकार्य करतील’ हे शब्द दिसले की थांबा आणि विचारा: सहकार्य म्हणजे नेमकं काय करायचं? हप्ता चुकला तर काय, पुन्हा मतभेद झाला तर आधी कोणाकडे जायचं, हेही लिहा. शक्य असेल तिथे दोन-तीन महिन्यांनी आढाव्याची एक तारीख घाला.

सही करण्याआधी प्रत्येकाला स्वतःच्या वकिलाला कागद दाखवायची संधी द्या. मध्यस्थ स्वतः वकील असला, तरी तो त्या खोलीत कोणाचाच वकील नसतो. समझोत्याची अंमलबजावणी कशी होते, म्हणजे तो साधा करार धरला जातो की कोर्टाच्या हुकमासारखा, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असतं. वेगवेगळ्या देशांतल्या व्यापारी पक्षांसाठी मध्यस्थीतून झालेल्या समझोत्यांचा सिंगापूर करार ७ ऑगस्ट २०१९ रोजी सह्यांसाठी खुला झाला आणि १२ सप्टेंबर २०२० पासून लागू आहे. मात्र कौटुंबिक, वारसाहक्काचे, नोकरीचे आणि ग्राहकांचे वाद त्यातून वगळलेले आहेत.

नाहीच मिटलं तर

मध्यस्थी थांबवावी लागणं यात नामुष्की नाही. थांबवताना एका कागदावर दोन रकाने करा: कशावर एकमत झालं आणि काय उरलं. दहापैकी सहा मुद्दे मिटले असतील, तर त्या सहांचा वेगळा करार करता येतो आणि कोर्टासमोर किंवा लवादासमोर फक्त चार जातात. कोणत्या खोलीत दिलेली कोणती माहिती गोपनीय राहणार, हे दोघांनाही पुन्हा एकदा सांगा. आणि पुढचं पाऊल पडेपर्यंत कोणी काय करायचं नाही, म्हणजे खातं गोठवायचं नाही, कुलूप बदलायचं नाही, ग्राहकांना पत्रं लिहायची नाहीत, हे तारखेसह लिहून दोघांच्या सह्या घ्या.